जुनी इस्टेट: मागचं दार हललं की फ्यूज उडतो, तीन दिवसांत बॅटरी उतरते, डिकीत पाणी

मागचा_वायपर

गाडी पेट्रोल इस्टेट (लांब छताची, मागे वर उघडणाऱ्या दाराची स्टेशन वॅगन), १९ वर्षांची, २ लाख १४ हजार किलोमीटर झालेली. इंजिन-गिअरबॉक्सची तक्रार नाही. सगळी कटकट मागच्या चाकांपासून मागच्या दारापर्यंत. लक्षणं दिसतात तशी देतो:

गाडी तीन दिवस उभी राहिली की सेल मारायला बॅटरीत जीव उरत नाही. बॅटरी ६० अँपिअर-तासांची, नवीनच. पूर्ण चार्ज करून ठेवली की १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.२.

मागच्या वायपरचा १५ अँपिअरचा फ्यूज अधूनमधून उडतो, बहुतेक वेळा मागचं दार उघडताना किंवा लावताना. नंबरप्लेटचा दिवा कधी लागतो, कधी नाही. मागच्या काचेच्या हीटरच्या खालच्या तीन रेषा बंद आहेत.

ब्रेक दाबला की डावा मागचा इंडिकेटर मंद उजळतो.

दार वर टिकत नाही, डोक्यावर येतं. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साठतं. सामान भरलं की रस्त्यावरच्या खड्ड्यात मागून टक्क असा एकच आवाज येतो.

एकाचं म्हणणं अल्टरनेटर बदला, दुसऱ्याचं म्हणणं वायपरची मोटर बदला. मल्टीमीटर आहे, पाने आहेत, सोल्डरिंग जमतं. सुरुवात कुठून करू?


तांबडी_तार

अल्टरनेटरला हात लावू नका. १४.२ व्होल्ट देणारा अल्टरनेटर चार्जिंग करतोय. मोटरही तूर्त राहू द्या. फ्यूज दार हलताना उडतो, वायपर फिरताना नाही, ही तुमची सर्वांत कामाची नोंद आहे.

इस्टेटचं मागचं दार छताला टांगलेलं असतं आणि त्यात वायपर, काचेचा हीटर, नंबरप्लेटचे दिवे, तिसरा ब्रेक लाइट, लॉकची मोटर, लॉकमधला स्विच असं सगळं कोंबलेलं असतं. या सगळ्याच्या दहा-पंधरा वायरी बिजागरीजवळच्या घडीच्या रबरी नळीतून जातात आणि दार उघडलं की दरवेळी त्याच जागी वाकतात. आवरणाचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं वाकून कडक होतं, तडकतं, मग आतल्या तांब्याच्या बारीक तारा एकेक करून तुटतात. तार तुटली की दिवा लागेनासा होतो. आवरण सोलून तार पत्र्याला किंवा शेजारच्या वायरीला टेकली की फ्यूज उडतो. तुमच्याकडे दोन्ही चाललंय.

खात्री करायला फ्यूज जाळत बसू नका. उडालेल्या फ्यूजच्या जागी दोन वायरी लावून २१ वॅटचा साधा इंडिकेटरचा बल्ब जोडा. वायपर बंद ठेवा, मोटरचा सॉकेट काढून ठेवा. आता इग्निशन चालू करून दार हळूहळू वरखाली करा आणि रबरी नळी हाताने चुरगाळा. शॉर्ट झाला की बल्ब पूर्ण उजळेल. तो पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच देत नाही, त्यामुळे वायर तापत नाही. ज्या क्षणी बल्ब लखलखतो त्या क्षणी तुमचा हात जिथे आहे तिथेच दोष आहे.

दुरुस्ती अशी. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि दहा मिनिटं थांबा. छताच्या कडेने पडदा एअरबॅग असेल तर तिची वायरिंग याच भागातून जाते. पिवळा सॉकेट किंवा पिवळं आवरण दिसलं तर त्याला मीटरसुद्धा लावायचा नाही. रेडिओला कोड असेल तर तो आधी हाताशी ठेवा.

दाराच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर काढा. क्लिपा जुन्या असतील तर चार-पाच मोडणारच, बदलीच्या आणून ठेवा. रबरी नळीची दोन्ही टोकं पत्र्यातून सोडवा, नळी एका बाजूला सरकवा आणि प्रत्येक वायर वेगळी धरून हलकेच ताणा. आतून तुटलेली वायर बाहेरून धडधाकट दिसते, पण ताणली की आवरण रबरासारखं लांबतं. अशा वायरी आणि आवरण तडकलेल्या वायरी, दोन्ही बदलायच्या. तीन तुटलेल्या सापडल्या तर उरलेल्या त्याच वयाच्या आहेत, हे लक्षात घेऊन सगळ्याच बदलणं बरं.

एका वेळी एकच वायर कापा. एकाच रंगाच्या दोन वायरी हमखास असतात, आणि सगळ्या एकदम कापल्या की संध्याकाळ त्यातच जाते.

बदली तुकडा नळीच्या लांबीपेक्षा दोन्हीकडे किमान ६-७ सेंटिमीटर जास्त घ्या, म्हणजे एक जोड छताच्या आत आणि दुसरा दाराच्या आत जाईल. वाकणाऱ्या भागात जोड नकोच. वायर सिलिकॉन आवरणाची, खूप बारीक तारांची घ्या. काचेच्या हीटरला २.५ चौरस मिलिमीटर, त्याच्या अर्थलाही (पत्र्यामार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणाऱ्या वायरीला) तेवढीच, वायपरला १.५; लॉकच्या मोटरला १; दिवे आणि स्विचला ०.७५ पुरते. हीटर बारा-पंधरा अँपिअर सहज ओढतो. तिथे बारीक वायर घातली तर नळीच्या आत तीच हीटर होते.

जोड एकासमोर एक आणू नका. प्रत्येक जोड आधीच्यापासून दोन-तीन सेंटिमीटर पुढेमागे ठेवा, नाहीतर गाठ एवढी जाड होते की नळी परत बसत नाही. हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणारी नळी) वायर जोडण्याआधी ओवायची. (हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच विसरतात.) जोड झाले की वरून कापडी वायरिंग टेप गुंडाळा. काळी चिकट प्लॅस्टिक टेप उन्हात पाघळते आणि पुढच्या वेळी उघडणाऱ्याचे हात बरबटतात. नळी बसवताना साबणाचं पाणी लावा, कडेची खाच पत्र्यात सगळीकडून बसली का ते बोटाने फिरवून बघा.

त्याच नळीतून मागच्या काचेच्या वॉशरची पाण्याची नळीही जाते. ती जुनी होऊन सांध्यात निसटते आणि पाणी वायरींवरून खाली झिरपतं. उघडलंच आहे तर तीही बदला. अँटेनाची जाड गोल केबल असेल तर ती मात्र कापून जोडू नका. जोडलेल्या केबलवर रेडिओ खरखरतो.


मिलीव्होल्ट

वरचं सगळं बरोबर. बॅटरी उतरण्याचं कारणही तिथेच असण्याची शक्यता मोठी आहे, पण ते मोजून ठरवा.

गाडी बंद करून सगळे कंट्रोलर (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक पेट्या) झोपले की एकूण करंट ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. झोपायला दहा मिनिटं ते अर्धा तास लागतो, काही गाड्यांना तासभर. मापायची तयारी आधीच करून ठेवावी लागते: बॉनेट उघडं ठेवा, मागचं दार उघडून त्याच्या लॉकची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद स्थितीत आणा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल. पुढच्या दाराचंही तसंच, फ्यूजबॉक्स तिथून उघडत असेल तर. किल्ली गाडीपासून लांब ठेवा.

मीटर १० अँपिअरच्या रेंजवर, तांबडी पिन १० अँपिअरच्या भोकात. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलला, दुसरं निगेटिव्हच्या क्लॅम्पला चिमट्याने लावा आणि मगच क्लॅम्प पोलवरून उचला. असं केलं की सप्लाय क्षणभरही तुटत नाही आणि कंट्रोलर नव्याने जागे होत नाहीत. मीटर जोडलेला असताना सेल मारायचा नाही, हेडलाइट लावायचा नाही. मीटरचा आतला फ्यूज जातो.

आकडा जास्त आला तर फ्यूज उपसत सुटू नका. फ्यूज काढला-घातला की त्यावरचा कंट्रोलर जागा होतो आणि आकडे नाचतात. त्याऐवजी मीटर २०० मिलिव्होल्टवर घ्या आणि फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना पिना टेकवा. फ्यूजमधून करंट जात नसेल तर शून्य. अर्धा अँपिअर जात असेल तर १५च्या छोट्या फ्यूजवर दोनेक मिलिव्होल्ट दिसतील. पाच मिनिटांत सगळा बॉक्स तपासून होतो.

डिकीतला दिवा ५ वॅटचा असतो, म्हणजे ०.४२ अँपिअर. दिवसाला दहा अँपिअर-तास, तीन दिवसांत तीस. ६०च्या बॅटरीतून निम्मा गेला, सेल मारणार कसा? तुमच्या "तीन दिवसांत" या शब्दांशी हे फारच जुळतं. दिवा दार लावल्यावर विझतो का हे बघायला फोनचा व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवा आणि दार लावा. त्यासाठी आत झोपायची गरज नाही.

एक सांगून ठेवतो. हा दिवा बहुतेक गाड्यांत अर्थच्या बाजूने चालतो: दार उघडलं की लॉकमधला स्विच ती वायर पत्र्याला जोडतो. ती वायर नळीत तुटली तर दिवा कायमचा बंद. पण तीच वायर सोलून पत्र्याला टेकली तर गाडीला दार कायम उघडंच वाटतं, दिवा जळत राहतो आणि कंट्रोलरही झोपत नाही. तेव्हा लॉक बदलण्याआधी नळी उघडा.


जोडकाम

तांबडी_तार यांनी सोल्डर की क्रिंप (धातूच्या नळीत वायरी घालून पकडीने दाबणं) ते सांगितलं नाही. मी क्रिंपच्या बाजूचा. सोल्डर करताना शिसं तारांमध्ये केशाकर्षणाने वर चढतं आणि जोडाच्या पुढचा सेंटिमीटरभर भाग सळईसारखा होतो. जिथे ती सळई संपते तिथेच वायर पुढे तुटते. चांगल्या पकडीने दाबलेला बट कनेक्टर, आत गोंद असलेली स्लीव्ह, तापवल्यावर कडांना गोंदाचा थेंब बाहेर दिसला पाहिजे. लाल-निळ्या स्वस्त कनेक्टरना साध्या पक्कडीने चेपणं म्हणजे क्रिंप नव्हे. दाबून झाल्यावर जोरात ओढून बघा. सुटला तर आत्ताच सुटू दे.


तांबडी_तार

न हलणाऱ्या जागेत दोन्ही चालतं. सोल्डर केलंत तर जोडाच्या दोन्ही बाजूंना तीन-चार सेंटिमीटरवर वायर टेपने बांधून टाका, म्हणजे कंप सळईच्या टोकाशी पोचत नाही. सिलिकॉनचं आवरण मात्र धारदार पत्र्याला पटकन कापलं जातं, म्हणून भोकाच्या कडेला रबर नीट बसणं सिलिकॉनमध्ये जास्त महत्त्वाचं.


मागचा_वायपर

करून बघितलं. चाळीस मिनिटांनी ०.४५ अँपिअर. डिकीच्या दिव्याचा फ्यूज काढल्यावर ०.०३. व्हिडिओत दिवा जळतानाच दिसतो. बल्बची युक्ती पण चालली, दार अर्धवट उघडं असताना आणि नळी डावीकडे दाबली की बल्ब भसकन उजळतो. नळी उघडली: चार वायरी तुटलेल्या, दोघींचं आवरण गेलेलं, त्यात एक लॉकच्या स्विचची. सगळ्या तेरा बदलतोय.

इंडिकेटरचं काय? डावा बल्ब काढून बघितला, ठीक आहे. आणि जोड होईपर्यंत वायपरच्या जागी २० अँपिअरचा फ्यूज टाकू का?


अर्थवायर

फ्यूजचं आधी: नको. वायपरच्या फ्यूजवरची वायर १५ अँपिअर धरून निवडलेली असते. तो फ्यूज त्या वायरचं रक्षण करतो. जोड होईपर्यंत फ्यूज काढूनच ठेवा, मागचा वायपर चार दिवस नसला तर काही अडत नाही.

ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मंद लागणं म्हणजे मागच्या दिव्याच्या संचाचा अर्थ गेलाय. ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या करंटला परत जायला वाट हवी असते. अर्थ नसला की तो शेजारच्या इंडिकेटरच्या किंवा टेल लाइटच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि दुसरीकडून अर्थ शोधतो, म्हणून दोघेही मंद.

मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लांब वायरीने, तांबडी पिन बल्ब होल्डरच्या अर्थच्या पट्टीला. ब्रेक दाबून धरा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. दोन-चार व्होल्ट दिसले तर दोष पट्टीपासून पत्र्यापर्यंत कुठेतरी आहे. आता तांबडी पिन सॉकेटच्या वायरीवर, मग पत्र्यावरच्या रिंगवर, मग शेजारच्या उघड्या पत्र्यावर न्या. जिथे आकडा एकदम पडतो त्या दोन जागांच्या मध्ये गंज आहे.

पाणी साठतं म्हणताय तर बहुतेक डिकीच्या डाव्या अस्तरामागचा अर्थचा बोल्ट असेल. बोल्ट काढा, रिंग आणि पत्रा दोन्ही सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि ग्रीस वरून लावा. आधी ग्रीस आणि मग बोल्ट असं नको. रिंगच्या मानेपाशी वायर हिरवी पडली असेल तर आवरण सोलून बघा. कळंक कधी कधी वीतभर आत गेलेला असतो. चमकणारं तांबं लागेपर्यंत मागे कापत जा.

होल्डरच्या पितळी पट्ट्याही बघा. तापून तपकिरी झालेलं प्लॅस्टिक म्हणजे तिथली स्प्रिंग मेलेली. घासून दोन महिने चालते, मग पुन्हा तेच. होल्डर बदला. आणि ब्रेक-टेल एकत्र असेल तर बल्ब २१/५ वॅटचा दोन फिलामेंटचाच आहे का ते पाहा. त्याच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात ते उलटा बसू नये म्हणून. जोर लावून उलटा बसवलेले बल्ब बरेच सापडतात.

काचेच्या हीटरच्या तीन रेषांसाठी: हीटर चालू, काळी पिन अर्थच्या बाजूच्या पट्टीला, तांबड्या पिनेच्या टोकाला अॅल्युमिनियमची चंदेरी फॉइल गुंडाळा म्हणजे रेष ओरखडत नाही. चांगल्या रेषेच्या मध्यावर साधारण ६ व्होल्ट दिसतात आणि पिन सरकवली की आकडा हळूहळू बदलतो. तुटलेल्या रेषेवर १२ चे एकदम शून्य होतात, ती जागा तुटलेली. दोन्हीकडे टेप लावून तीन-चार मिलिमीटरची फट मोकळी ठेवा, स्पिरिटने पुसा, चांदीयुक्त वाहक रंगाचे दोन हात द्या, दिवसभर वाळू द्या. खालच्याच तीन रेषा गेल्यात म्हणजे सामान घासून गेल्यात. स्टिकर काढायला त्या काचेवर ब्लेड कधी फिरवू नका.


पानेवाला

पाणी थांबवल्याशिवाय अस्तर लावून टाकू नका, नाहीतर घासलेला अर्थ पुन्हा हिरवा होईल. खड्ड्यातलं पाणी उपसा, रबरी बूच काढून ठेवा, गालिच्याखालचा फोम बाहेर काढून वाळवा. तो जागच्या जागी वाळत नाही.

मग एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने पाइपने पाणी मारायचं, खालून वर: पाच मिनिटं बंपरची पातळी, पाच मिनिटं दिवे, मग दाराची रबरपट्टी, शेवटी छत. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. बंपरमागे हवा बाहेर जाण्याच्या प्लॅस्टिकच्या झडपा असतात, त्यांची कडेची रबर सुकते. दिव्यांच्या संचाचं फोमचं गॅस्केट दबून कागदासारखं होतं. आणि इस्टेटची खास जागा: छतावरच्या रेलिंगचे बोल्ट. तिथून शिरलेलं पाणी छताच्या आतून मागच्या खांबातून उतरतं आणि खड्ड्यात दिसतं, त्यामुळे संशय नेहमी दारावर जातो. रबरपट्टी तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा; जिथे सहज सुटते तिथे पट्टी दबलेली आहे.

दाराला वर धरणारे गॅस स्ट्रट (गॅस भरलेले दांडे) जोडीनेच बदला. नळकांड्यावर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो, तोच घ्या. जास्त जोराचे घातले तर दार लावताना पत्रा पिळला जातो. दाराला आधी भक्कम लाकडी टेकू. टोकाची स्प्रिंगची क्लिप बारीक स्क्रूड्रायव्हरने थोडी उचला, पूर्ण काढू नका. दार बंद असताना दांडा खाली आणि जाड भाग वर राहील असे बसवा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं आणि गॅस टिकतो. जुने स्ट्रट टाकताना भोक पाडू नका, आत प्रचंड दाब असतो. थंडीत गॅसचा दाब उतरतो, तेव्हा नवे स्ट्रट गार सकाळी तपासून घ्या.

आता तो टक्क. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही मागच्या बाजूंची उंची मोजा, गाडी सपाट जमिनीवर, रिकामी. सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर खालच्या बाजूची स्प्रिंग तुटलेली असू शकते. शेवटचं वेटोळं बैठकीच्या आत तुटतं आणि चिखलामुळे दिसत नाही. स्प्रिंगही जोडीनेच. ती स्प्रिंग-कॉम्प्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या साधनाशिवाय) काढायची असेल तर तुमच्या अॅक्सलला ते चालतं का याची आधी खात्री करा, आणि गाडी जॅकवर नाही, घोडीवर ठेवा.

उंची सारखी असेल तर मागच्या अॅक्सलचे मोठे बुश (धातूच्या नळीतले रबरी सांधे) पाहा. पहारीने हलवलं की रबर धातूपासून सुटलेलं दिसतं. हे बुश बदलणाऱ्यांची नेहमीची चूक: चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळणं. या बुशमध्ये रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. लोंबकळत आवळलं तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडीचं वजन चाकांवर आणा, मग ठरलेल्या टॉर्कने आवळा.

खाली शिरलाच आहात तर अॅक्सलला दांडी किंवा स्प्रिंगने जोडलेला ब्रेकचा भार-झडप आहे का बघा. जुन्या इस्टेटमध्ये बऱ्याचदा असतो. मागे वजन वाढलं की मागच्या ब्रेकला जास्त दाब देणं हे त्याचं काम. गंजून अडकला की रिकाम्या गाडीची मागची चाकं लवकर लॉक होतात, नाहीतर भरलेली गाडी फक्त पुढच्या ब्रेकवर थांबते. दांडी हाताने हलली पाहिजे. स्प्रिंग बदलून मागची उंची वाढली तर या झडपेची सेटिंग आणि हेडलाइटची पातळी दोन्ही पुन्हा लावून घ्या.


मागचा_वायपर

अर्थच्या बोल्टवर ३.१ व्होल्ट होते, घासल्यावर ०.०४. इंडिकेटर गप्प. पाणी डाव्या रेलिंगच्या मागच्या बोल्टमधून येतंय. नुसतं सीलंट वरून फासू का?


पानेवाला

वरून फासलेलं टिकत नाही, खालचं पाणी आत अडकतं. छताचं अस्तर मागून थोडं खाली करा, नट सोडा, रेलिंग उचला, जुनी रबरी चकती काढून गंज खरवडा, प्रायमर लावा, वाळू द्या. नवी चकती, तिच्याखाली ब्युटाइल पट्टीचं (चिकट रबरी सीलिंग पट्टीचं) एक वेटोळं, मग नट. ब्युटाइल कडेने जरासं बाहेर आलं की थांबा. अस्तर लावण्याआधी तिथे पुन्हा दहा मिनिटं पाणी मारा.